क्लास लावावा का?

माझ्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज तीन आठवडे तसाच पडून होता. 'आठवड्याला एक तास, महिन्याचे तीन हजार. यायचं असेल तर मंगळवार रात्रीचा साडेआठचा स्लॉट रिकामा आहे.' पाठवणारा कर्वेनगरला राहणारा एक गिटार शिक्षक. त्याचा नंबर मीच एका मित्राकडून मागून घेतला होता, फीसुद्धा मीच विचारली होती. उत्तर आल्यावर मात्र मी ते वाचून फोन उलटा ठेवला.

तीन हजार मला परवडत नाहीत असं नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अठ्ठावीस पूर्ण झालीत, महिन्याला तेवढे पैसे बाहेरून मागवलेल्या जेवणावर सहज जातात. अडचण वेगळी होती. गेली अडीच वर्षं मी घरी बसून, व्हिडिओ बघून गिटार शिकतोय. सुरुवातीचे सहा महिने झपाट्याने गेले. नंतर एफ कॉर्ड आला आणि मी तिथेच थांबलो. ज्यांनी गिटार धरली आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांनी धरली नाही त्यांच्यासाठी: पहिल्या पट्टीत एकच तर्जनी आडवी ठेवून सहाही तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी वेगळा आकार करायचा. माझ्या एफमधून दोन तारा वाजतात, बाकीच्या खोकतात.

तर, क्लास लावावा का? प्रश्न एवढाच. पण आमच्या पिढीची सवय अशी की छोट्या प्रश्नालाही आधी आठवडाभर 'रिसर्च' करायचा. मी पुस्तकं वाचली, सिनेमे पुन्हा पाहिले. आणि वाचता वाचता लक्षात यायला लागलं की शिक्षकाशिवाय शिकण्याबद्दल आपण एकमेकांना ज्या गोष्टी सांगतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींतून एक माणूस गाळलेला असतो. हा लेख त्या गाळलेल्या माणसाबद्दल आहे.

पण आधी दुसऱ्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा. १९७७च्या सुमाराला इंग्लंडमध्ये 'साइडबर्न्स' नावाचं एक पंक फॅनझिन निघत असे. त्यात हाताने काढलेली एक आकृती छापली होती: गिटारच्या तीन कॉर्डच्या चौकटी, ए, ई आणि जी, आणि त्यांच्यासोबत आता जा आणि बँड काढा अशा अर्थाची सूचना. गिटार-शिक्षणाच्या इतिहासातलं हे बहुधा सगळ्यात छोटं आणि सगळ्यात प्रभावी पाठ्यपुस्तक असावं. यात एक राजकारण आहे आणि ते मला मनापासून पटतं. सतार किंवा व्हायोलिनच्या दारात जसा पहारा असतो तसा गिटारच्या दारात नाही. घराणं नाही, गंडा नाही, परीक्षा नाही. तीन आकार शिका, आत या. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि हॉस्टेलच्या गच्चीवर लाखो पोरं याच दाराने आत आली. मीही.

फक्त एक बारीक गोष्ट. त्या पानावर एफ नाही.

याच परंपरेतला दुसरा किस्सा बीटल्सचा, पॉल मॅकार्टनीने अनेकदा सांगितलेला. लिव्हरपूलमध्ये पोरवयात असताना त्यांना काही कॉर्ड येत होते, पण बी-सेव्हन येत नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी तो येतो असं कळलं. मग ही पोरं बसने तिकडे गेली, त्या माणसाने कॉर्ड दाखवला, आणि ती तो घेऊन परत आली. ही गोष्ट नेहमी 'बघा, बीटल्ससुद्धा स्वतःच शिकले' याच्या पुराव्यादाखल सांगितली जाते. मला ती उलट वाटते. एका कॉर्डसाठी शहर ओलांडून गेलेली ही बस म्हणजे खासगी शिकवणीच आहे. फीऐवजी तिकीट, आणि अभ्यासक्रम एका कॉर्डचा. त्या दाखवणाऱ्या माणसाचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही. तो पहिला गाळलेला माणूस.

माझी बस म्हणजे यूट्यूब. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की फुकट व्हिडिओंना नावं ठेवण्याचा मला काहीही अधिकार नाही. टास्मानियात जन्मलेले जस्टिन सँडरको यांनी जस्टिनगिटार ही वेबसाइट २००३मध्ये सुरू केली, आणि तिथले बहुतेक धडे आजही फुकट आहेत. जगातल्या किती माणसांनी पहिला कॉर्ड त्यांच्याकडून उचलला असेल याचा अंदाज करणं अवघड आहे. शिकवण्याचा नमुना म्हणून पाहिलं तर ते काम फार सुरेख आहे. त्यांचा एक व्यायाम आहे: दोन कॉर्ड घ्यायचे, एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि मिनिटात किती वेळा अदलाबदल होते ते मोजायचं. आकडा वहीत लिहायचा, उद्या पुन्हा. इंजिनिअर माणसाला याहून गोड काय असणार? माझ्याकडे त्याची स्प्रेडशीट आहे. ए ते डी, ई ते ए, सी ते जी. आलेख सगळे वर चढतायत.

आलेख चढत होते आणि गाणं बिघडत होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. आतेबहिणीच्या साखरपुड्याला मला गिटार घेऊन बसवलं, दुसऱ्या कडव्यापासून मंडळींनी टाळ्या धरल्या, आणि त्या टाळ्या नि मी दोन वेगळ्या गाण्यांत होतो. काकू म्हणाल्या, "छान वाजवतोस रे." काकूंनी डोळ्यांत बघितलं नाही.

या टप्प्यावर मी गॅरी मार्कस यांचं 'गिटार झीरो' उघडलं. २०१२चं पुस्तक. मार्कस हे तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. लहानपणापासून संगीतात ढ, तालाचं अंग नाही, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ते गिटार शिकायचं ठरवतात; सुरुवात होते ती 'गिटार हीरो' नावाच्या व्हिडिओ गेमपासून. पुस्तकाचा मुख्य प्रश्न असा: वय वाढल्यावर मेंदूची दारं खरंच बंद होतात का? त्यांचं उत्तर 'तितकी नाही' असं आहे, आणि त्यासाठी ते घुबडांवरच्या एका प्रयोगाचा आधार घेतात. तो प्रयोग मला पुस्तकापेक्षाही जास्त लक्षात राहिला. घुबडांच्या डोळ्यांवर प्रिझमचा चष्मा चढवला, म्हणजे सगळं जग थोडं बाजूला सरकलेलं दिसतं. लहान घुबडं याला जुळवून घेतात, मोठी घेत नाहीत. पण तेच सरकणं एकदम न करता थोडं थोडं, पायरी-पायरीने केलं, तर मोठी घुबडंही बऱ्यापैकी जुळवून घेतात.

तिशीच्या आसपासच्या कुठल्याही नवशिक्याला हे वाचून मिठी मारावीशी वाटेल. मलाही वाटली. मार्कस यांचं लिखाण मोकळं आहे, स्वतःवर हसण्याची तयारी आहे. आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलांच्या बँड-कँपमध्ये ते जाऊन बसतात तो भाग तर फारच लोभस. पण पुस्तक दुसऱ्यांदा चाळताना मला घुबडं वेगळी दिसली. चष्मा किती अंशांनी बदलायचा आणि कधी बदलायचा, हे घुबडं ठरवत नव्हती. बाहेर कुणीतरी बसून त्यांच्याकडे बघत होतं, मोजत होतं, आता पुढची पायरी झेपेल असा अंदाज घेत होतं. 'छोट्या पायऱ्यांनी शिका' हा सल्ला बरोबर आहे, पण पायरी किती छोटी हे पायरी चढणाऱ्याला खालून दिसत नाही. मला ए-डीनंतर सरळ एफ दिसला होता. मधल्या पायऱ्या असतात (चारच तारांचा छोटा एफ, किंवा तोच आकार आधी पाचव्या पट्टीवर), हे व्हिडिओत नक्की कुठेतरी असणार. मी ते ओलांडून पुढे गेलो असणार, कारण मला थांबवणारं कुणी नव्हतं.

मार्कस शिक्षकांबद्दलही चांगलं लिहितात, पण त्यांचा जीव मेंदूत अडकलेला आहे. शिवाय त्यांच्याकडे विद्यापीठाची रजा होती. माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ ते सव्वादहा आहेत, आणि खालच्या मजल्यावर एक आजोबा आहेत ज्यांना दहाला झोप लागते.

दहा हजार तासांचं काय, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो. माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स'मुळे (२००८) हा आकडा घराघरात पोचला आणि ऑफिसातल्या प्रत्येक मोटिव्हेशनल स्लाइडवर चढून बसला. त्याचं मूळ ॲन्डर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या शोधनिबंधात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांनी वयाच्या कितव्या वर्षापर्यंत किती तास एकट्याने रियाज केला हे त्यांनी विचारलं. सर्वांत चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी दहा हजारांच्या आसपास होती. सरासरी, म्हणजे गटातले कित्येक जण त्याच्या बरेच खाली होते. एरिक्सन यांनी पुढे 'पीक' (२०१६) या पुस्तकात आपल्या कामाचा हा विपर्यास असल्याची तक्रार केली.

आकड्याबद्दलची ही तक्रार आता बऱ्याच जणांना माहीत असते. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो एक साधा तपशील, जो आकड्याच्या झगमगाटात हरवतो. तास 'एकट्याने' केलेल्या रियाजाचे मोजले होते, पण ही मुलं एकटी नव्हती. सगळी अकादमीत शिकणारी, म्हणजे सगळ्यांना शिक्षक होते आणि त्याआधीही अनेक वर्षं होते. एकट्याच्या खोलीत काय घासायचं हे आठवड्यातून एकदा दुसऱ्याच खोलीत ठरत होतं. एरिक्सन 'पीक'मध्ये तर शब्दांतच फरक करतात: स्वतःच्या डोक्याने, ध्येय ठेवून केलेला सराव वेगळा, आणि ज्याला ते डेलिबरेट प्रॅक्टिस म्हणतात तो वेगळा, या दुसऱ्यात जाणत्या शिक्षकाने नेमून दिलेलं काम अपेक्षित आहे. म्हणजे जगभरच्या एकलव्यांनी भिंतीवर चिकटवलेला आकडा मुळात शिष्यांचा होता. दुसरा गाळलेला माणूस.

एकलव्याचं नाव निघालंच आहे तर त्याच्याजवळ क्षणभर थांबतो. 'मी एकलव्यासारखा शिकलो' हे मराठीत आपण किती सहज म्हणतो! मीही इन्स्टाच्या बायोत दोन महिने तसलं काहीतरी लिहिलं होतं. एकलव्याला शिक्षक नको नव्हता. तो द्रोणाकडे गेला होता आणि तो निषादाचा मुलगा म्हणून त्याला नाकारलं गेलं. पुतळा ही त्याची निवड नव्हती, दार बंद झाल्यावर उरलेली जागा होती. आणि शेवटी फी घेताना मात्र द्रोण प्रत्यक्ष हजर झाला. आज व्हिडिओवर शिकणाऱ्या कितीतरी मुलांची गोष्ट खरंच एकलव्याची आहे. जवळ शिक्षक नाही, पैसे नाहीत, किंवा जो आहे तो यांना दारात उभं करत नाही. त्यांनी ते नाव घ्यावं. माझ्या दारात साडेआठचा स्लॉट रिकामा होता आणि मेसेजला उत्तर न देणारा मीच होतो. मी एकलव्य नाही. मला फक्त भीती वाटत होती.

कसली, हे मला चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ने (२०२०) दाखवलं. सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा पाहिला होता आणि बऱ्याच जणांसारखा 'संथ आहे, पण ग्रेट आहे' असं म्हणून मोकळा झालो होतो. या वेळी बघताना हातात वही होती.

शरद नेरुळकर मुंबईत हिंदुस्तानी शास्त्रीय गायन शिकतोय. त्याच्याकडे शिक्षणाचे दोन स्रोत आहेत. एक, गुरुजी: म्हातारे, आजारी, समोर बसलेले, औषधं-डॉक्टर यांत अडकलेले. दुसरा, माई: गुरुजींच्याही गुरू, दंतकथा बनलेल्या, ज्यांनी आपलं गाणं रेकॉर्ड होऊ दिलं नाही, पण ज्यांच्या व्याख्यानांच्या टेप शरदकडे आहेत. सिनेमातली सर्वांत सुंदर दृश्यं याच टेपची आहेत. रात्रीची रिकामी मुंबई, संथ गतीत चाललेली मोटरसायकल, कानात हेडफोन, तंबोऱ्याचा स्वर आणि माईंचा आवाज. तो आवाज दिला आहे सुमित्रा भावे यांनी. त्यात असा थंड, स्वच्छ अधिकार आहे की ऐकणाऱ्याची पाठ आपोआप ताठ होते. साधना, त्याग, एकाकीपणा, शुद्धता. शरद या आवाजावर जगतो.

समीक्षकांनी माईंना बहुधा परंपरेचा आवाज म्हणून वाचलं. आदर्श उंच आणि माणूस अपुरा, अशी ती शोकांतिका. मला या वेळी अगदी साधी, जवळजवळ तांत्रिक गोष्ट दिसली. माई शरदशी बोलतात, पण शरदला कधीही ऐकत नाहीत. ऐकूच शकत नाहीत, टेप आहे ती. त्या आवाजाने शरदला कधी मध्येच थांबवलं नाही, कधी त्याचा स्वर लागला नाही असं म्हटलं नाही. म्हणूनच तो आवाज इतका प्रिय आहे. त्याउलट गुरुजी मोठं तत्त्वज्ञान सांगत नाहीत. ते बोलतात थोडं, पण ते ऐकतात, आणि त्यांना जे ऐकू येतं ते शरदला नको असतं. मोटरसायकलवरचं प्रत्येक दृश्य हे त्या खोलीतून काढलेला पळ आहे असं मला वाटायला लागलं. ताम्हाणे ती दृश्यं इतकी देखणी करतात यातच त्यांची चलाखी आहे. पळ काढणं आतून तसंच देखणं वाटतं.

हे वाचन ओढूनताणून केलंय असं वाटत असेल तर नंतरचा एक प्रसंग आठवा. शरद आता स्वतः शिकवतोय. एक विद्यार्थी आणि त्याची आई विचारायला येतात: कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गायलं तर चालेल का? शरद त्या दोघांना ज्या तऱ्हेने तोडतो ते बघवत नाही. तो मुलगा काय गातो, कसा गातो, त्याला काय हवंय, याच्याशी त्या उत्तराचा काडीचा संबंध नाही. आयुष्यभर टेप ऐकलेला माणूस शिकवायला बसल्यावर स्वतःच टेप झाला आहे. समोरचा ऐकू येणं हे कौशल्य त्याने कधी कमावलंच नाही, कारण ते ज्या खोलीत मिळतं तिथे तो मनाने थांबत नव्हता.

(जाता जाता: गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड हे प्रत्यक्षात जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक, आणि पेशाने केमिकल इंजिनिअर. 'नोकरी करून कला होत नाही' असं मी जेव्हा जेव्हा म्हणतो तेव्हा हे मला आठवतं आणि लाज वाटते.)

सिनेमाच्या बाजूने एक आक्षेप नोंदवायला हवा. 'द डिसायपल'चं सगळं जग सर्वोच्च यश किंवा सपशेल अपयश एवढंच आहे. हौशीला त्यात जागा नाही. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन तासभर गाणारा, चारचौघांत बरं गाऊ शकणारा, त्यात सुखी असणारा माणूस हा त्या पडद्यावर असूच शकत नाही. 'हौशी' हा शब्दच आपण खाली बघून उच्चारतो. हौशी नाट्यस्पर्धा सोडल्या तर त्याला मान नाही. माझ्या मेसेजला उत्तर न देण्यामागे हेसुद्धा होतं. मी कुठे स्टेजवर जाणार आहे? मग शिक्षक कशाला? जणू शिक्षक हा फक्त उस्ताद व्हायला निघालेल्यांसाठीच असतो. पोहायला शिकताना आपण असं म्हणत नाही. कुणी ऑलिंपिकला निघालेलं नसतं, तरी पाण्यात पहिल्या दिवशी कोच लागतो.

शिक्षकाची दुसरी भीती 'व्हिप्लॅश'ने (२०१४) आमच्या पिढीच्या मनात रुजवली. डेमियन शझेल यांच्या या सिनेमातला फ्लेचर मुलांना रडवतो, खुर्ची फेकून मारतो, आणि समर्थनासाठी पुन्हा पुन्हा एक गोष्ट सांगतो: जो जोन्सने तरुण चार्ली पार्करच्या डोक्याच्या दिशेने झांज फेकली, तो अपमानित झाला, वर्षभर घासलं आणि जग बदललं. माझ्या ऑफिसात एक मॅनेजर होते, त्यांना हा सिनेमा फार आवडायचा. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

ती गोष्ट तशी घडलेली नाही. १९३६मध्ये कॅन्सस सिटीतल्या एका जॅममध्ये पार्कर चुकला आणि जोन्सने झांज त्याच्या पायाशी टाकली. थट्टा झाली, अपमान खरा होता. पण पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात काय झालं ते सिनेमा सांगत नाही. पार्कर एका बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात कामाला गेला. सोबत लेस्टर यंगच्या रेकॉर्डी होत्या, त्या ऐकून ऐकून त्याने सोलो उचलले. त्याच बँडमध्ये एफर्ज वेअर नावाचा एक गिटारवादक होता. त्याने आणि कॅरी पॉवेल या पियानोवादक बाईने पार्करला हार्मनी शिकवली. कॉर्ड एकातून दुसऱ्यात कसे जातात ते समजावलं. रेकॉर्डी होत्याच, रियाज होताच, पण शेजारी बसून दाखवणारी दोन माणसंही होती. दंतकथेत झांज उरली आणि गिटारवाला गळाला. मला व्यक्तिशः याचं जरा जास्तच वाईट वाटलं.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी त्या मेसेजला उत्तर दिलं. 'एकदा डेमो क्लासला येऊ का?' लगेच अंगठा आला.

शिक्षकाबद्दल कुठलीही दंतकथा सांगायची नाहीये. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. खोलीत कपड्यांचं स्टँड होतं, त्याने चहा विचारला, मध्ये दोनदा फोन बघितला. "काहीतरी वाजव," म्हणाला. मी सी, जी, ए मायनर, एफ हा ठरलेला फेरा वाजवायला घेतला. अडीच वर्षांत पहिल्यांदा असा माणूस समोर होता ज्याला कळत होतं आणि ज्याला मला छान म्हणायचं बंधन नव्हतं. घशाला कोरड पडली. मुलाखतीत पडते तशी.

त्याने चाळीसेक सेकंद ऐकलं, मग माझी गिटार मागितली. स्वतः एफ वाजवला. त्याचाही थोडा खोकला! मग तोच आकार पाचव्या पट्टीवर धरून वाजवला, लख्ख वाजला. गिटार मला देऊन म्हणाला, "आता तू पाचव्यावर धर." मी धरला. सहापैकी पाच तारा वाजल्या.

"हात ठीक आहे तुझा," तो म्हणाला. "नट उंच आहे."

नट म्हणजे गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला असलेली खाचांची छोटी पट्टी, जिच्यावरून तारा जातात. खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतील तर पहिल्या पट्टीवर तारा उंच राहतात आणि दाबायला दुप्पट जोर लागतो. वर सरकत गेलं की हा फरक कमी होतो. स्वस्तातल्या गिटारींत हे नेहमीचं आहे. कोड चुकलाय असं समजून दोन वर्षं घासत बसावं आणि बिघाड मशीनमध्ये निघावा, असं झालं. कुठलाही व्हिडिओ माझ्या गिटारचा नट बघू शकत नव्हता. आणि मी तो बघत असूनही मला तो दिसत नव्हता, कारण मला दुसरी गिटार माहीतच नव्हती.

मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ उठलोच. म्हणजे चूक माझी नव्हती!

"थांब," तो म्हणाला. "पुन्हा वाजव. एफच्या जागी काहीही आलं तरी चालेल." या वेळी त्याने पायाने ठेका धरला. दुसऱ्या फेऱ्याला त्याचा पाय आणि माझा हात वेगळे झाले. साखरपुड्यातल्या टाळ्यांसारखे. तो म्हणाला, "तू एफ यायच्या आधीच थांबतोस. ए मायनरवर असतानाच. डावा हात तयारी करतो आणि उजवा त्याची वाट बघतो. उजवा हात थांबवायचा नाही. चुकलं तर चुकू दे."

उजवा हात थांबवायचा नाही. हा सल्ला मी किमान वीस व्हिडिओंत ऐकला असेन. सगळ्यांनी तो दिला होता, चांगल्या भाषेत, कारणांसकट. मी प्रत्येक वेळी मान डोलावली होती, कारण माझ्या मते मी थांबवत नव्हतोच. मी मंद झालो की माझ्या डोक्यातलं गाणंही माझ्याबरोबर मंद व्हायचं आणि मला सगळं बरोबर ऐकू यायचं. एका मिनिटाच्या त्या व्यायामातही मी फक्त अदलाबदली मोजत होतो, दोन कॉर्डांमधला वेळ सारखा आहे का हे माझ्या स्प्रेडशीटमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं. सल्ला बरोबर होता, फक्त तो मला उद्देशून आहे हे सांगायला कुणीतरी खोलीत असावं लागलं.

आक्षेप राहतातच. तीन हजार हे बऱ्याच घरांत थोडे नाहीत, आणि सगळेच शिक्षक ऐकत नाहीत. कॉलेजात असताना मी महिनाभर एका क्लासला गेलो होतो. एका बॅचमध्ये आठ जण, सगळ्यांना एकच गाणं, वार्षिक कार्यक्रमासाठी. तिथे समोर माणूस होता तरी ती टेपच होती. अशा ठिकाणी पैसे घालण्यापेक्षा जस्टिन सँडरको शंभर पटींनी बरे. शिवाय ऐकणारा माणूस शिक्षकच असला पाहिजे असंही नाही. ज्याला तालाचं कळतं असा मित्र असेल, आणि तो काकूंइतका प्रेमळ नसेल, तर निम्मं काम होतं. माझ्याकडे तसा मित्र नाही. मी तीन महिन्यांचं ठरवलं आहे, मग बघू. व्हिडिओ बंद केलेले नाहीत.

गिटार सध्या घरी नाही. नटच्या खाचा घासून घ्यायला लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानात दिली आहे. शनिवारी या म्हणाले. तोपर्यंत रात्री साडेनऊला मी मांडीवर उजवा हात आपटत बसतो, डाव्या हाताचं काम नसताना.